सान फर्नांडोच्या वेशीवरचे ताबूत

त्रिनिदादमध्ये मोहरमला ‘होसे’ म्हणतात. मातम करताना ‘या हुसेन’ असा जो पुकारा होतो, त्यातला हुसेन पिढ्यानपिढ्या झिजत होसे झाला. ताशाचा तिथे ‘टासा’ झाला आणि ताजियाचा ‘तजा’. उत्तर हिंदुस्थानातून जहाजात भरून नेलेल्या मजुरांनी हे शब्द सोबत नेले. सामान म्हणून त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. शब्द होते, वाद्यं होती आणि करबलाची गोष्ट होती.

आपल्याकडे त्रिनिदाद म्हटलं की क्रिकेट आठवतं. लारा तिथला. त्याच्याही आधीचा फिरकी गोलंदाज सोनी रामाधीन तिथलाच, आणि व्ही. एस. नायपॉलही. रामाधीन आणि नायपॉल ही नावं त्या बेटावर कशी पोहोचली, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. मी विचारायला लागलो तो एका तारखेमुळे.

३० ऑक्टोबर १८८४. हिजरी सन १३०२ मधला मोहरमचा दहावा दिवस, म्हणजे आशुरा. त्या दिवशी दक्षिण त्रिनिदादमधल्या सान फर्नांडो शहराच्या वेशीवर पोलिसांनी ताबूत घेऊन आलेल्या ऊसमळ्यांवरच्या मजुरांवर गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळा आहे. काहींत तो दहा-बाराच्या घरात आहे, काही अभ्यासक तो बावीसपर्यंत नेतात. जखमींची संख्या शंभरावर होती. सरकारी भाषेत या घटनेला ‘होसे दंगल’ म्हटलं गेलं. तिथले भारतवंशीय तिला ‘जहाजी हत्याकांड’ म्हणतात. केल्विन सिंग या त्रिनिदादच्या इतिहासकाराने १९८८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यानेही हत्याकांड हाच शब्द वापरला.

एकाच दुपारची ही दोन नावं आहेत. दंगल म्हटलं की दोष जमावाकडे जातो आणि कारण शोधायचं तेही जमावाच्या डोक्यात, त्याच्या धर्मात, त्याच्या स्वभावात. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हा शोध चांगला ओळखीचा आहे. कुठेही काही पेटलं की ‘तुमच्यात असं का होतं हो?’ हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा सज्जन असतात, स्नेही असतात. म्हणून सान फर्नांडोच्या त्या दुपारची कारणं जरा सविस्तर मांडावीशी वाटतात. बेट दूरचं आहे, काळही दूरचा आहे. दूरचं कधीकधी स्वच्छ दिसतं.

साखर आणि पाच वर्षांचा करार

ब्रिटिश साम्राज्यात गुलामीबंदीचा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. त्यानंतरही ‘उमेदवारी’च्या नावाखाली गुलामांना आपल्याच मालकाकडे राबावं लागलं. खरी सुटका १८३८ साली झाली. सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मळ्यांवर जुन्याच अटींवर राबायला नकार दिला. मजुरी वाढवून मागितली, स्वतःची जमीन कसायला घेतली, शहराकडे गेले. मळेवाल्यांना हवे होते ते स्वस्त आणि सोडून जाऊ न शकणारे हात. त्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज सव्वादोनशे मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत ही आवक चालू राहिली. एकूण १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं त्या एका बेटावर गेली. बहुतेक अवध, बिहार या भागांतली, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली, काही मद्रासकडची. याच पद्धतीने आपल्या कोकणातली माणसं मॉरिशसला गेली आणि तिथे आजही मराठी म्हणवणारी कुटुंबं आहेत. कॅरिबियनच्या वाटेवर गेलेले बहुतांश भोजपुरी-अवधी बोलणारे होते. त्यांना गिरमिटिये म्हणत, ‘ॲग्रीमेंट’चं गिरमिट झालं म्हणून. एका जहाजातून आलेले ते एकमेकांचे ‘जहाजी’, म्हणजे जहाजभाऊ. जात, धर्म, गाव मागे राहिलं आणि समुद्रावर हे नवं नातं तयार झालं.

करार पाच वर्षांचा. परतीचं भाडं हवं असेल तर बेटावर एकूण दहा वर्षं काढायची. मजुरी दिवसाला २५ सेंट, पण दिवस घड्याळावर नाही, ‘टास्क’वर मोजायचा. नेमून दिलेलं काम पुरं झालं तरच दिवस भरला. ते किती असावं हे मुकादम आणि मालक ठरवणार. राहायला लांबच लांब बराकी. एका खोलीत एक कुटुंब किंवा काही एकटे मजूर.

सगळ्यात जाचक होती ती चिठ्ठी. मळ्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाची लेखी परवानगी लागे. चिठ्ठीविना रस्त्यावर सापडलेल्या मजुराला पोलीस पकडत. करार संपवून मुक्त झालेल्यालाही तो मुक्त असल्याचा कागद जवळ बाळगावा लागे. कामावर गैरहजर राहणं, काम अर्धवट सोडणं हा मालक आणि मजुरामधला देण्याघेण्याचा वाद नव्हता. तो फौजदारी गुन्हा होता. त्यासाठी दंड होई, तुरुंग होई. मालकाने मजुरी बुडवली तर तो सहसा तुरुंगात जात नसे.

१८८४ साली काय बिघडलं

हे सगळं चाळीस वर्षं चालू होतं. मग भडका त्याच वर्षी का उडाला?

कारण युरोपात बीटपासून साखर निघू लागली होती. तिथली सरकारं निर्यातीवर अनुदान देत होती. लंडनच्या बाजारात बीटच्या साखरेचा पूर आला आणि १८८४ मध्ये उसाच्या साखरेचा भाव कोसळला. त्रिनिदादच्या मळेवाल्याच्या हातात भाव नव्हता. त्याच्या हातात होता फक्त मजूर. त्यामुळे २५ सेंट कागदावर तेच राहिले आणि टास्क वाढलं. आदल्या दिवसापर्यंत जेवढ्या सऱ्या खुरपून दिवस भरत होता, तेवढ्यात आता तो भरेना. त्या काळात मळ्यामळ्यांवर काम बंद पाडण्याचे प्रकार वाढले ते यामुळे. मजूर विळे-कुदळी घेऊन, कायद्याने नेमलेल्या ‘संरक्षक’ अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणी घेऊन चालत जाऊ लागले. चिठ्ठीविना गेले तर हे चालत जाणंही गुन्हाच होता.

सरकारला भीती वाटायला लागली ती इथे. १८८१च्या शिरगणतीत बेटाच्या सुमारे दीड लाख लोकवस्तीत जवळजवळ एक तृतीयांश हिंदुस्थानी होते, आणि साखरेच्या दक्षिण पट्ट्यात त्यांचीच दाटी होती. त्याच १८८१ साली राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ‘कानबुले’ या मशालींच्या मिरवणुकीत पोलीस आणि लाठीबहाद्दर यांची मोठी चकमक झाली होती. कानबुले म्हणजे गुलामीच्या काळातल्या जळत्या उसाची आठवण. १८८४ मध्ये सरकारने ती मिरवणूक मोडून काढली. आता दुसरी मिरवणूक उरली होती, होसेची. तिच्यात हिंदुस्थानी ताशांबरोबर काळे लोकही ढोल वाजवत. ज्या दोन समाजांना मजुरीच्या बाजारात एकमेकांसमोर उभं केलं होतं, ते वर्षातून एक दिवस एका तालावर चालत होते.

एका दिवसाची वाट

होसेमध्ये मजुराला काय मिळत असेल, याचा मी बराच विचार केला आहे.

दरेक मळ्याचा आपला ताजिया असे. युनियन हॉल, पामिस्ट, फिलिपीन अशी त्या मळ्यांची नावं. बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, घुमट, मिनार. मजुरांच्या वर्गणीतून, रात्री जागून, गुप्ततेने बांधलेला. दहाव्या दिवशी सगळ्या मळ्यांचे ताजिये मोठ्या रस्त्याने सान फर्नांडोत येत, शहरातून फिरत आणि समुद्रात विसर्जित होत. शेकडो, हजारो माणसं. आणि त्या दिवशी कुणी कुणाची चिठ्ठी तपासत नसे.

वर्षातले ३६४ दिवस ज्या रस्त्यावर पाऊल टाकणं हा गुन्हा, तो रस्ता एक दिवस त्यांचा. ज्या शहरात न्यायालय, तुरुंग आणि मालकांची घरं, त्या शहरातून वाजतगाजत जायचं. आपण किती आहोत हे आपल्यालाही दिसायचं आणि समोरच्यालाही. यात धर्म होता का? होता. यात धर्मापलीकडचंही काही होतं का? नक्कीच होतं. दोन्ही गोष्टी एकाच ताजियात होत्या आणि वाहणाऱ्यांना त्या वेगळ्या करायची गरज वाटली नव्हती.

या चित्रात एक बोचरी गोष्टही आहे आणि ती लपवून चालणार नाही. कुठल्या मळ्याचा ताजिया पुढे जाणार यावरून मजुरांच्या आपसात मारामाऱ्या होत, डोकी फुटत. मानापानाची ही भांडणं खरी होती. सरकारने बंदीचं कारण म्हणून नेमकं हेच पुढे केलं. पण भांडण होऊ नये म्हणून क्रम ठरवून देणं वेगळं आणि रस्ताच काढून घेणं वेगळं.

जुलै १८८४ मध्ये गव्हर्नर सर सॅनफर्ड फ्रीलिंग याच्या सरकारने नियम काढले. होसेच्या मिरवणुकांनी शहरात यायचं नाही, मोठ्या रस्त्यांवर यायचं नाही. करायचं ते मळ्याच्या हद्दीत करा. म्हणजे मोहरमवर बंदी नव्हती. चिठ्ठीचा कायदा जो एक दिवस झोपत होता, तो त्या दिवशीही जागा ठेवला, एवढंच.

अर्ज आणि नकार

मजुरांनी लगेच दगड उचलले नाहीत. त्यांनी अर्ज केला. सुखू नावाच्या माणसाच्या पुढाकाराने गव्हर्नरकडे विनंती गेली की हे नियम मागे घ्या, आम्ही वर्षानुवर्षं हे करत आलो आहोत. सुखू हिंदू होता. मोहरमसाठीचा अर्ज हिंदूच्या नावाने गेला, यात त्यांच्यातल्या कुणालाही नवल वाटलं नसावं. बेटावरच्या हिंदुस्थानी लोकांत हिंदूच बहुसंख्य होते आणि ताजियाला खांदा देणाऱ्यांतही.

अर्ज फेटाळला गेला.

त्या भागातल्या ब्रिटिश बेटांवर हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १८६५ साली जमैकातल्या सेंट ॲन परगण्यातल्या गरीब शेतकऱ्यांनी व्हिक्टोरिया राणीला अर्ज केला होता की पिकं गेली, काम नाही, सरकारी जमीन कसायला द्या. उत्तर आलं की मेहनतीने मजुरी करा, त्यातच तुमचं भलं आहे. हे उत्तर छापून बेटभर लावण्यात आलं. त्याच वर्षी सेंट थॉमस परगण्यातून पॉल बोगल काही माणसांना घेऊन गव्हर्नर आयरला भेटायला पायी राजधानीत गेला. भेट मिळाली नाही. ऑक्टोबरमध्ये मोरंट बेच्या न्यायालयासमोर लोक जमले आणि रक्त सांडलं. त्यानंतर सरकारने जो सूड घेतला त्यात चारशेहून जास्त माणसं मारली गेली, सहाशेंच्या आसपास लोकांना फटके मारले, हजार घरं जाळली.

जमैकात आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती शेतकरी होते. बोगल स्वतः बाप्टिस्ट चर्चचा डीकन. त्रिनिदादमध्ये हिंदू-मुसलमान मजूर. धर्म वेगळा, वंश वेगळा, बेट वेगळं. पण क्रम तोच. पोटाला चिमटा, मग अर्ज, मग नकार, मग जमाव, मग गोळी, मग चौकशी. ‘तुमच्यात असं का होतं?’ या प्रश्नाचं उत्तर धर्मात असतं, तर या दोन बेटांवरचा क्रम इतका सारखा का असावा?

वेशीवर

३० ऑक्टोबरला ताजिये निघाले. शहराच्या वाटांवर पोलीस आणि सैनिक उभे होते. मोन रेपोच्या नाक्यावर दंडाधिकारी चाइल्ड याने जमावबंदीचा कायदा वाचून दाखवला. तो मजकूर इंग्रजी. समोर ताशांचा कडकडाट आणि हजारो भोजपुरी बोलणारी माणसं. किती जणांपर्यंत तो पोहोचला असेल? मिरवणूक थांबली नाही. गोळीबाराचा हुकूम झाला. पुढच्या रांगेतली माणसं पडली. शहराच्या दुसऱ्या एका वाटेवरही गोळ्या झाडल्या गेल्या.

ताजिये रस्त्यावर टाकून लोक उसात पळाले. करबलाच्या शहीदांची आठवण म्हणून उचललेले ताबूत, आणि त्यांच्याभोवती खऱ्या माणसांची प्रेतं. यावर अलंकारिक काही लिहिणं मला जमणार नाही.

चौकशीत काय सापडलं

चौकशी झाली. ती करायला जमैकाचा गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन याला बोलावलं. त्याची निवड का झाली हे सहज कळतं. त्याची उमेद हिंदुस्थानातल्या फौजेत गेली होती, १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात तो इंग्रजांच्या बाजूने होता. म्हणजे ‘या लोकांना’ ओळखणारा माणूस. त्याने अधिकाऱ्यांना दोषमुक्त ठरवलं. मजुरांना आपल्या बळाची जाणीव होऊ लागली आहे आणि ती वाजवीपेक्षा जास्त आहे, असं त्याचं मत पडलं.

राज्यकर्त्यांकडून आणखी एक युक्तिवाद झाला आणि माझं सगळ्यात जास्त लक्ष त्याने वेधलं. मिरवणुकीत हिंदू जास्त, म्हणून हा खरा धार्मिक विधी नव्हे, आणि म्हणून बंदी घातल्याने कुणाच्या धर्मात ढवळाढवळ झाली असं म्हणता येत नाही. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने हिंदुस्थानी प्रजेला वचन दिलं होतं की तुमच्या श्रद्धांमध्ये हात घालणार नाही. तीच प्रजा, तीच राणी. वेस्ट इंडीजमध्ये हिशेब असा लागला की तुम्ही सगळे मिळून ताबूत उचलता, म्हणजे तो कुणाचाच नाही.

हे वाचताना मला माझा चुलतभाऊ आठवला. तो दीनदार आहे, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेला. तो म्हणतो, “ताजिये, पंजे, डोले, ही सगळी बिदअत आहे. इस्लामशी याचा संबंध नाही.” त्याच्याशी मी मजहबी वाद घालत नाही. तो ज्या किताबांच्या आधाराने बोलतो त्यांच्यावर बोलायचा अधिकार मला नाही. दादीचं म्हणणं वेगळं होतं. आमच्या गावी पंजांना पहिला नारळ पाटलांच्या घरचा असायचा आणि सरबताचा रांजण आमच्या दारात. नवस बोलणाऱ्या बायकांत कुंकू लावलेल्या जास्त. “हुसेनचा गम काय फक्त मुसलमानाला कळतो होय?” एवढंच ती म्हणायची. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात, तिथेही मानकऱ्यांत हिंदू घराणी आहेत. हे महाराष्ट्राला नवं नाही.

नॉर्मनचा धर्माचा अर्थ, चुलतभावाचा अर्थ आणि दादीचा अर्थ यांत पहिल्या दोघांना एकमेकांचं काही देणंघेणं नाही. चुलतभाऊ गोळीबाराचं समर्थन कधीच करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. ‘खरा धर्म कोणता’ हा प्रश्न मशिदीत, घरात विचारला जातो तेव्हा तो श्रद्धेचा असतो. हाच प्रश्न सरकार बंदूक खाली ठेवल्यावर विचारतं, तेव्हा त्याला धर्माची फिकीर नसते. त्याला दुसरा एक प्रश्न विचारला जाऊ नये असं वाटत असतं. टास्क किती वाढलं? मजुरी किती बुडाली? चिठ्ठीविना रस्त्यावर चालणं गुन्हा का? सान फर्नांडोत मेलेला माणूस सच्चा मुसलमान होता की हिंदू, की नुसता हौशी, याने त्याच्या २५ सेंटांत काय फरक पडणार होता?

याच्या नऊ-दहा वर्षांनंतरचं आपलं पुणंही इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १८९३ मध्ये मुंबईत मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्यानंतर पुण्यात हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावं असा प्रचार झाला. १८९४ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलं आणि ताबुतांमागे चालणारे हिंदू ठळकपणे कमी झाले. ज्या ताशाच्या मागे सगळे चालत होते, त्या ताशाच्या दोन वाटा झाल्या. सात समुद्रापलीकडे सरकारला जे बंदुकीने करावं लागलं, त्यातलं बरंचसं इथे आपण आपल्या हाताने केलं. गणपतीच्या मिरवणुकीतला ताशा ऐकताना मलाही आनंद होतो, पाय थिरकतात. तरी ही वाटणी मनात कुठेतरी राहतेच.

रस्त्याचा प्रश्न

त्या गोळीबारानंतरही गिरमिट तेहतीस वर्षं चालू राहिलं. १९१७ मध्ये नवी भरती थांबली आणि १९२० च्या पहिल्या दिवशी उरलेसुरले करार रद्द झाले. सान फर्नांडोच्या होसेचं पूर्वीचं वैभव परत आलं नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि दक्षिण टोकाच्या सेद्रोसमध्ये मात्र होसे आजही निघतो. सेंट जेम्समध्ये ताजियांबरोबर दोन भलेमोठे चंद्र असतात, एक हसनचा, एक हुसेनचा. माणसं ते खांद्यावर पेलून नाचवतात आणि एका क्षणी दोन्ही चंद्र एकमेकांना टेकतात. कडेगावला ताबुतांच्या भेटी, तिथे चंद्रांची भेट. ताशे वाजवणाऱ्यांत सगळ्या धर्मांची, सगळ्या रंगांची पोरं असतात.

आमच्या तालुक्याच्या गावी सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. मीही दोन-तीनदा गेलो आहे. भिंतीवर गावाचा नकाशा, टेबलावर चहा. कुणाची मिरवणूक कुठून वळणार, कुठल्या चौकात वाद्य थांबणार, किती वाजता संपणार, यावर तास-दीड तास बोलणं होतं. दोन्ही बाजूंचे पुढारी एकेका गल्लीसाठी हटून बसतात. पूर्वी मला याचं हसू यायचं. गल्लीत काय ठेवलंय एवढं, असं वाटायचं. सान फर्नांडोबद्दल वाचल्यापासून मी तो नकाशा नीट बघतो. ज्यांच्या नावावर फारसं काही नसतं त्यांच्यासाठी रस्ता ही मोठी मालमत्ता असते. तो काढून घेतला की काय होऊ शकतं हे त्रिनिदादच्या मजुरांनी दाखवलं. तो मागताना त्यांनी आधी अर्ज केला होता, हेही लक्षात ठेवावं.

आता कुठे काही पेटल्याची बातमी आली आणि कुणी स्नेह्याने मला ‘तुमच्यात असं का होतं?’ असं विचारलं, तर मी चिडत नाही. मीच उलट काही गोष्टी विचारतो. तिथल्या लोकांना सध्या काम आहे का? यंदा मजुरी वाढली की काम वाढलं? याआधी त्यांनी कुणाकडे अर्ज केला होता का, आणि त्याचं उत्तर काय आलं? या प्रश्नांची उत्तरं बातमीत बहुतेक वेळा नसतात. मग आम्ही दोघं मिळून ती शोधतो. कधी सापडतात, कधी नाही. पण शोधत असताना ‘तुमच्यात’ हा शब्द बोलण्यातून आपोआप गळून पडतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.